जुन्या मदरबोर्डावर कोणता प्रोसेसर बसेल? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरीपासून सावंतवाडीपर्यंत दहा-बारा वर्षांचे डेस्कटॉप अजून रोज काम करतात. कुणाचा सेवा केंद्रात आहे, कुणाचा फोटो स्टुडिओत, कुणी त्यावर आंब्याच्या पेट्यांची बिलं काढतं. गणपतीला गावी यायच्या आधी मुंबईचा भाऊ फोनवर विचारतो, ‘काय आणू?’ इकडून उत्तर जातं, ‘आय-सेव्हन आण.’ घोळ तिथूनच सुरू होतो. दुरुस्तीच्या टेबलावर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात त्यांची उत्तरं खाली दिली आहेत. कुठूनही वाचा, पण बायोसचं (बोर्डावरच्या चिपमधला, मशीन सुरू करणारा प्रोग्रॅम) उत्तर वाचल्याशिवाय पैसे मोजू नका.

ह्या बोर्डार आय-सेव्हन बसतलो काय?

आय-सेव्हन हे एका प्रोसेसरचं नाव नाही, ती इंटेलची मालिका आहे. २६००, ३७७०, ४७९०, ६७००, ८७०० हे सगळे आय-सेव्हनच, पण ४७९० च्या बोर्डावर ३७७० बसत नाही आणि ६७०० चालणाऱ्या बोर्डावर ८७०० चालू होत नाही. जनरेशन ओळखायची तर पुढच्या चार आकड्यांतला पहिला बघा: ३७७० तिसरी, ४७९० चौथी. पहिल्या जनरेशनला तीनच आकडे असतात, उदाहरणार्थ आय-सेव्हन ८७०.

म्हणून प्रश्न उलटा करा. ‘माझा बोर्ड कोणकोणते प्रोसेसर घेतो?’ असं विचारा. त्या यादीतला आपल्या कामाला पुरेल आणि बाजारात मिळेल तोच निवडायचा.

बोर्ड कोणता आहे हे डबा (कॅबिनेट) न उघडता कळेल का?

बहुतेक वेळा कळतं. विंडोज १० मध्ये स्टार्टमध्ये ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ शोधा. तिथे बेसबोर्ड प्रॉडक्टच्या पुढे मॉडेल आणि बायोसच्या पुढे व्हर्जन नि तारीख दिसते. दोन्हींचा फोटो काढून ठेवा. विंडोज ७ असेल तर सीपीयू-झेड हा फुकटचा प्रोग्रॅम टाका. त्याच्या मेनबोर्ड पानावर मॉडेल, चिपसेट (बोर्डावरची मुख्य नियंत्रक चिप) आणि बायोस तिन्ही एकत्र मिळतात.

मशीन चालूच होत नसेल तर डबा उघडायला हवा. मॉडेलचं नाव बोर्डावर ठळक छापलेलं असतं, बहुधा रॅमच्या किंवा ग्राफिक्स कार्डच्या खाचेजवळ. कोपऱ्यात बारीक अक्षरात रिव्हिजनही असते: १.०, २.१ वगैरे. तीही टिपून घ्या. गिगाबाइटसारख्या कंपन्या एकाच नावाच्या बोर्डाच्या प्रत्येक रिव्हिजनसाठी वेगळी यादी आणि वेगळा बायोस देतात. चुकीच्या रिव्हिजनचा बायोस टाकणं म्हणजे चालता बोर्ड हाताने मारणं.

सॉकेट जुळला की झालं ना?

नाही. सॉकेट म्हणजे बोर्डावरची प्रोसेसरची बैठक. ती जुळणं ही पहिली अट आहे, शेवटची नाही. पण सुरुवात तिथूनच होते, म्हणून आपल्याकडे सर्रास दिसणारे सॉकेट सांगतो. इंटेलच्या सॉकेटच्या नावातला आकडा म्हणजे संपर्कबिंदूंची संख्या.

एलजीए ७७५ म्हणजे पेंटियम ४ पासून कोअर टू क्वाडपर्यंतचा काळ. ११५६ हा २००९ सालचा, पहिल्या कोअर आय मालिकेचा. तो लवकर संपला. ११५५ वर दुसरी आणि तिसरी जनरेशन, म्हणजे २०११ आणि २०१२. एच-६१ चिपसेटचे बोर्ड याच सॉकेटचे, आणि कोकणात आजही दुरुस्तीला सगळ्यात जास्त तेच येतात. २०१३ साली ११५० आला, चौथ्या जनरेशनचा. एच-८१ आणि बी-८५ बोर्ड त्याचे. चौथ्या जनरेशनमध्ये इंटेलने व्होल्टेज नियंत्रणाचा एक भाग बोर्डावरून काढून थेट प्रोसेसरमध्ये घातला. ११५५ आणि ११५० मध्ये आकड्यांचा फरक पाचाचाच, पण वीजपुरवठ्याची मांडणी अशी मुळातून वेगळी आहे. शिवाय दोघांच्या खाचाही वेगळ्या जागी असतात. न बसणारा प्रोसेसर जोर लावून बसवू पाहणारे लोक असतात, म्हणून मुद्दाम सांगितलं.

मग आला ११५१. खरी फसगत होते ती इथे. सहावी आणि सातवी जनरेशन एच-११०, बी-१५०, बी-२५० या बोर्डांवर चालते. आठवी आणि नववीही ११५१ चीच आहे, पण ती एच-३१०, बी-३६०, झेड-३७० अशा ३०० मालिकेच्या चिपसेटवरच चालते. आठव्या जनरेशनमध्ये कोअर (प्रोसेसरच्या आतले काम करणारे भाग) वाढले, त्यांना जास्त वीज लागली, म्हणून इंटेलने पूर्वीचे काही राखीव बिंदू विजेसाठी वापरले. प्रोसेसर एच-११० वर अगदी चपखल बसतो, लिव्हरही लागते, पण डिस्प्ले येत नाही. विकणारा म्हणतो, ‘११५१ मागितलात, ११५१ दिला.’ तोही खोटं बोलत नसतो.

त्यापुढच्या १२०० सॉकेटवर दहावी आणि अकरावी जनरेशन. तिथेही एच-४१० आणि बी-४६० हे चिपसेट अकरावी घेत नाहीत.

मग खात्री कशावरून करायची?

बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलच्या पानावर ‘सीपीयू सपोर्ट लिस्ट’, म्हणजे त्यावर चालणाऱ्या प्रोसेसरची यादी असते. प्रत्येक प्रोसेसरच्या ओळीत तीन गोष्टी बघा: पूर्ण मॉडेल नंबर, वॉट, आणि कोणत्या बायोस व्हर्जनपासून तो चालतो. तुमचा बायोस त्यापेक्षा जुना असेल तर आधी बायोस अपडेट, मग खरेदी.

कंपनीचं नाव नसलेले, नवीन म्हणून स्वस्तात मिळणारे एच-६१ आणि एच-८१ बोर्डही बाजारात आहेत. त्यांना ना साइट असते ना यादी. असा बोर्ड असेल तर प्रोसेसर घेऊन दुकानात जा, तिथेच लावून बघा, चालला तर पैसे द्या. हे मान्य नसलेल्याकडून घेऊ नका.

माझा डेल किंवा एचपीचा ऑफिसमधून निघालेला डबा आहे. त्यालाही हेच नियम का?

थोडे जास्त कडक. मुंबई-पुण्यातल्या ऑफिसांतून निघालेले हे डबे इकडे खूप येतात आणि मला ते आवडतात. बांधणी दणकट असते. पण त्यांचा बायोस कंपनीने स्वतःपुरता बांधलेला असतो. डेल ऑप्टिप्लेक्स ७९० आणि ९९० हे ११५५ सॉकेटचेच, पण क्यू-६५ आणि क्यू-६७ चिपसेटमुळे दुसऱ्या जनरेशनवरच थांबतात. ऑप्टिप्लेक्स ७०१० मध्ये क्यू-७७ आहे, तिथे दुसरी नि तिसरी दोन्ही चालतात. बाहेरून बघाल तर तिघे भाऊ-भाऊ.

आणखी एक अडचण: लहान डब्यात एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारी पेटी) आणि कूलर कंपनीच्या खास मापाचे असतात. उद्या बोर्ड गेला तर साधा बोर्ड त्या डब्यात बसेलच असं नाही.

बायोस अपडेट करणं भाग आहे का? भीती वाटते.

यादीत लिहिलं असेल तर भाग आहे. एच-६१ बोर्ड २०११ चा आणि तिसरी जनरेशन एप्रिल २०१२ ची. म्हणजे बोर्ड बनला तेव्हा त्याच्या बायोसला तिसऱ्या जनरेशनचं नावही माहीत नव्हतं. आय-थ्री २१०० काढून थेट आय-फाइव्ह ३४७० लावला की पंखा फिरतो, डिस्प्ले येत नाही, आणि गिऱ्हाईक प्रोसेसर खराब म्हणून परत करायला निघतं. एच-८१ वर ४५९० आणि ४७९० लावतानाही असंच होतं, कारण ते प्रोसेसर २०१४ मध्ये, बोर्डानंतर वर्षभराने आले. एच-११० वर सातवी जनरेशन लावतानाही तीच कथा.

अपडेट जुना प्रोसेसर लावलेला असतानाच करायचा. कंपनीच्या साइटवरून नेमक्या मॉडेल-रिव्हिजनची फाइल घ्या, एफएटी-३२ मध्ये फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर टाका आणि बायोसमधल्या अपडेटच्या सोयीतूनच चढवा. विंडोजमधून करायचे प्रोग्रॅमही मिळतात, पण मी ते वापरत नाही. मध्येच विंडोज अडकलं की संपलं. कंपनीने ‘आधी अमुक व्हर्जन, मग तमुक’ असा क्रम दिला असेल तर एकही पायरी गाळू नका. काही एच-६१ बोर्डांवर बायोससोबत मॅनेजमेंट इंजिनचं फर्मवेअरही (इंटेलच्या चिपसेटच्या आतला प्रोग्रॅम) बदलतं आणि मग जुन्यावर परत येता येत नाही.

आधी आणखी एक बघा: विंडोजमध्ये बिटलॉकर (ड्राइव्हला कुलूप लावणारी सोय) चालू आहे का. असेल तर त्याची रिकव्हरी की लिहून घ्या किंवा तो तात्पुरता थांबवा. विशेषतः एएमडीच्या रायझन प्रोसेसरच्या मशीनवर प्रोसेसर बदलला की सुरुवातीलाच टीपीएम (त्या कुलपाच्या किल्ल्या जपणारा सुरक्षेचा भाग) रीसेट करायचा का असं मशीन विचारतं, आणि की नसताना ‘हो’ म्हटलं तर ड्राइव्हमधला डेटा कुलूपबंद होतो.

अपडेट चालू असताना लाईट गेली तर?

बोर्ड बहुधा डेड होतो. म्हणून हे काम यूपीएसवर करायचं, आणि त्या यूपीएसची बॅटरी खरंच दम धरते का ते आधी प्लग काढून बघायचं. घरचा इन्व्हर्टर यूपीएस मोडमध्ये नसेल तर लाईट जाता-येताना जो क्षणाचा खंड पडतो त्यात डेस्कटॉप रीस्टार्ट होतो. त्याच्या भरवशावर राहू नका. मे अखेरीस वळवाचे ढग भरून आले असतील किंवा ऑक्टोबरात संध्याकाळी गडगडायला लागलं असेल तर काम दुसऱ्या दिवशी सकाळी करा. आपल्याकडे ही खबरदारी पुस्तकी नाही.

डेड झालेला बोर्ड लगेच भंगारात देऊ नका. बायोसची चिप आठ पायांची असते. प्रोग्रॅमर असलेला कारागीर क्लिप लावून तीत पुन्हा फाइल भरू शकतो. कणकवली, कुडाळ, चिपळूणसारख्या गावांत लॅपटॉपचे बोर्ड दुरुस्त करणारे हे काम करतात.

वॉट बघायचे म्हणजे नेमकं काय?

वॉट म्हणजे प्रोसेसर साधारण किती वीज खातो तो आकडा. त्याला वीज पुरवणारा भाग सॉकेटच्या शेजारी असतो: कॉइल, कपॅसिटर आणि छोट्या काळ्या चौकोनी मॉस्फेट. स्वस्त बोर्डावर हा भाग तुटपुंजा असतो आणि त्याच्यावर हीटसिंकही नसतो. आय-सेव्हन २६०० हा ९५ वॉटचा, तर ३७७० आणि आय-फाइव्ह ३४७० हे ७७ वॉटचे. बारक्या एच-६१ वर मी नेहमी ७७ वाला सुचवतो. यादीत ९५ असला तरी मे महिन्यात, पंखा नसलेल्या डब्यात, पत्र्याखालच्या दुकानात दिवसभर चालवायचा असेल तर ७७ वाला जास्त दिवस टिकतो.

एएमडीच्या जुन्या एएम-३ प्लस बोर्डांवर हे आणखी महत्त्वाचं. एफएक्स ८३५० हा १२५ वॉटचा आहे आणि ७६०जी चिपसेटच्या कितीतरी बोर्डांची मर्यादा ९५ आहे. तिथे ९५ वॉटचा एफएक्स ६३०० घ्या.

एसएमपीएसही तपासा. त्यातून बोर्डाला जाणारी चार किंवा आठ पिनची वेगळी वायर प्रोसेसरसाठीच असते. तिचा कनेक्टर करपलेला, पिवळा पडलेला असेल तर आधी एसएमपीएस बदला.

प्रोसेसर बसला, पंखा फिरतो, पण मॉनिटर काळाच. का?

बायोस जुना नसेल तर पुढचा संशय ग्राफिक्सवर. सगळ्याच प्रोसेसरच्या आत ग्राफिक्स नसतं. इंटेलच्या नवव्या जनरेशनपासून नंबरच्या शेवटी एफ असलेल्यांत नसतं. तिसरीतल्या ३३५०पी मध्येही नाही. रायझन ५ ५६०० मध्ये नाही, ५६००जी मध्ये आहे. म्हणजे एका अक्षराची किंमत एका ग्राफिक्स कार्डाएवढी. फोनवर मॉडेल सांगताना शेवटचं अक्षर स्पष्ट सांगा, नाहीतर चाकरमानी बिचारा पंधरा तास ट्रॅफिकमध्ये बसून चुकीची वस्तू घेऊन येतो.

तरीही डिस्प्ले नसेल तर बटण बंद करून प्लग काढा, बोर्डावरचा गोल सेल काही मिनिटं काढून परत लावा आणि एकच रॅम लावून बघा. मग सॉकेटच्या पिना वाकल्या आहेत का ते बघा.

झिऑन स्वस्तात मिळतो म्हणतात. घेऊ?

झिऑन हा इंटेलचा सर्व्हरसाठीचा प्रोसेसर. ११५५ आणि ११५० वर विचार करण्यासारखा आहे. ई-३ १२३० व्ही-२ हा ११५५ वर बसतो, ६९ वॉटचा, चार कोअर आठ थ्रेडचा (थ्रेड म्हणजे एका वेळी चालणारी कामं). कामाला जवळपास आय-सेव्हनच. पण त्यात ग्राफिक्स नाही, कार्ड लागणारच. नंबरच्या शेवटी ५ असलेल्यांत, जसा १२४५ व्ही-२, ग्राफिक्स असतं. बोर्डाच्या यादीत झिऑनचं नाव आहे का ते मात्र बघा. सहाव्या जनरेशनच्या काळातले ई-३ व्ही-५ साध्या एच-११० वर चालत नाहीत, त्यांना सर्व्हरचा चिपसेट लागतो.

सर्व्हरच्या ७७१ सॉकेटचा झिऑन स्टिकर चिकटवून आणि खाच कापून ७७५ वर बसवायची एक युक्ती आहे. चालते. पण ज्या मशीनवर तुमचं पोट आहे तिथे ती करू नका.

माझा ७७५ सॉकेटचा जी-४१ बोर्ड आहे, कोअर टू ड्युओ. क्वाड घालू?

फुकट मिळाला तर घाला. विकत घेऊ नका. जी-४१ जास्तीत जास्त ८ जीबी रॅम घेतो, आणि कोअर टू पिढीच्या प्रोसेसरमध्ये पॉपकाउंट नावाची सूचना नाही, त्यामुळे विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती त्यावर सुरूच होत नाही. एसएसडी लावून त्यावर लिनक्स मिंट टाकलं तर मुलांच्या अभ्यासाला आणि टायपिंगला मशीन अजून चालेल.

एएमडी वाल्यांचं काय?

एएम-४ सॉकेटचा बोर्ड असेल तर तुम्ही नशीबवान. २०१७ च्या ए-३२० सारख्या साध्या बोर्डावरही २०२२ पासून एएमडीने रायझन ५००० मालिकेला वाट मोकळी केली. बोर्डाच्या कंपनीने तो बायोस दिला आहे का एवढंच बघायचं. रायझन ३ १२०० काढून ५६०० किंवा ५६००जी लावला की मशीन ओळखू येत नाही. जुन्या बोर्डाला आजही नवाकोरा, वॉरंटीचा प्रोसेसर मिळतो, ही सोय इंटेलच्या त्या काळातल्या बोर्डांना नाही. ५६०० आणि ५६००जी दोन्ही ६५ वॉटचे आहेत, साध्या बोर्डाला झेपतात.

सावध राहायचं ते एका बाबतीत. कितीतरी ए-३२० बोर्डांची बायोसची चिप १६ एमबीची आहे. नव्या प्रोसेसरना जागा करताना जुन्या ए-मालिकेच्या प्रोसेसरचा आधार काढून टाकला जातो. तुमच्याकडे ए-मालिकेचा प्रोसेसर असेल तर अपडेट झाल्यावर त्याच प्रोसेसरवर मशीन चालू होणार नाही. नवा हातात आल्यावरच अपडेटला हात घाला.

एएमडीच्याच जुन्या एफएम-२ सॉकेटवर पैसे घालू नका. एएम-३ सॉकेटवर हातातला फिनॉम प्रोसेसर चालू आहे तोवर चालवा.

खरंच प्रोसेसरच बदलायला हवा का?

बऱ्याचदा नाही. मशीन अडकलेलं असताना टास्क मॅनेजर उघडा. डिस्क १०० टक्के आणि सीपीयू वीस-तीस टक्के असेल तर दोष हार्ड डिस्कचा आहे. अशा मशीनवर आय-सेव्हन घातला तरी दाखल्याचा फॉर्म तेवढाच वेळ घेणार. आधी एसएसडी. एच-६१ वर साटाचा (डिस्क जोडायच्या पोर्टचा) वेग सेकंदाला ३ गिगाबिटचाच आहे, एसएसडी पूर्ण धावत नाही, तरी हार्ड डिस्कच्या तुलनेत फरक डोळ्यांना दिसतो. त्यानंतर रॅम ८ जीबी. मग प्रोसेसर.

बिलिंग, टॅली, सरकारी पोर्टल, छपाई यांना चार कोअरचा साधा आय-फाइव्ह पुरून उरतो. लग्नाचे अल्बम करणारा स्टुडिओ, व्हिडिओ कापणारा, होमस्टेची ड्रोन चित्रफीत बनवणारा: यांना आठ थ्रेडचा उपयोग होतो. पेंटियम जी-६२० किंवा आय-थ्री २१०० वरून ३४७० वर गेलात तर पैसे वसूल. आय-फाइव्ह २४०० वरून ३४७० वर जाल तर काही कळणारही नाही. तो उद्योग करू नका.

माझा हिशेब साधा आहे. प्रोसेसर, पेस्ट (प्रोसेसर आणि कूलरमध्ये लावायची) आणि लागला तर कूलर मिळून जो खर्च येतो, तो पुढच्या पिढीचा सेकंड हँड बोर्ड-प्रोसेसर-रॅम संच घेण्याच्या निम्म्याहून जास्त होत असेल तर संच घ्या.

नवा प्रोसेसर घातला की विंडोज ११ चालेल?

अधिकृतपणे इंटेलची आठवी जनरेशन आणि रायझन २००० पासून पुढे, शिवाय टीपीएम २.० हवं. म्हणजे ११५५, ११५० आणि जुना ११५१ तिन्ही बाहेर. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. आडवाटेने ११ टाकून देणारे आहेत, पण बँकेचं आणि आधारचं काम चालणाऱ्या मशीनवर मी ते करून देत नाही. या एका कारणासाठी एच-६१ वर पैसे घालणार असाल तर थांबा. एएम-४ बोर्ड असेल तर मात्र प्रोसेसर बदलण्याचा हाच सगळ्यात चांगला मुहूर्त.

सेकंड हँड प्रोसेसर घेताना काय तपासू?

प्रोसेसर सहसा मरत नाही, बोर्ड मरतो. त्यामुळे जुना प्रोसेसर घ्यायला घाबरू नका. चुकीचा, वाकलेल्या पिनांचा किंवा नाव बदललेला घ्यायला घाबरा.

वरच्या धातूच्या झाकणावर मॉडेल आणि त्याखाली एसआरपासून सुरू होणारा छोटा कोड असतो. आय-सेव्हन ३७७० चा कोड एसआर०पीके. इंटेलच्या साइटवर कोड टाकून मॉडेल जुळवून बघा. ‘कॉन्फिडेन्शियल’ असं कोरलेलं असेल तर तो चाचणीचा नमुना. कितीही स्वस्त असला तरी नको. झाकण घासल्यासारखं गुळगुळीत दिसत असेल तरी नको. नंबरच्या शेवटी टी असेल तर तो कमी विजेचा आणि कमी वेगाचा प्रकार आहे. वाईट नाही, पण पूर्ण वेगाच्या भावाने घेऊ नका.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून कुणी आणणार असेल तर दुकानात लावून सीपीयू-झेडचं पान दाखवायला सांगा आणि त्याचा फोटो मागवा. इंटेलच्या प्रोसेसरला खाली सपाट ठिपके असतात, पिना बोर्डावर. एएम-४ ला पिना प्रोसेसरवरच असतात. तो कागदात गुंडाळून बॅगेत टाकला की संगमेश्वर येईपर्यंत दोन-चार वाकलेल्या असतात. प्लॅस्टिकच्या घट्ट डबीतूनच आणायचा.

किनाऱ्यावर घर आहे. खाऱ्या हवेचा काय परिणाम?

मालवण, वेंगुर्ला, गुहागर, श्रीवर्धन: समुद्र दिसतो त्या घरातला डबा उघडला की स्क्रू गंजलेले, पोर्टच्या पट्ट्यांवर पांढरी भुकटी, तांब्याच्या जागी हिरवट डाग. क्षाराचा थर हवेतला ओलावा ओढून धरतो आणि वीज चालू असताना त्या ओलाव्यातून धातू झिजत जातो. सॉकेटच्या पिनांना सोन्याचा मुलामा असतो, त्या तग धरतात. आधी जातात ते रॅमच्या खाचा, कपॅसिटरचे पाय आणि एसएमपीएस.

म्हणून प्रोसेसर घेण्याआधी बोर्डाची तब्येत बघा. फुगलेला कपॅसिटर, सॉकेटभोवती हिरवा डाग, सेल बदलूनही घड्याळ रोज मागे पडणं यातलं काही असेल तर नव्या प्रोसेसरचे पैसे राखून ठेवा. रॅमच्या पट्ट्या आणि खाचा आयसोप्रोपिल अल्कोहोलने मऊ ब्रशने साफ करा. सॉकेटच्या पिनांना ब्रश लावू नका.

पावसाळ्यात मशीन रोज थोडा वेळ चालू ठेवलं तर आतली ऊब ओल धरू देत नाही. बंद घरातलं, जूनपासून झाकून ठेवलेलं मशीन गणपतीला आल्या-आल्या चालू करू नका. झाकण काढून एक दिवस पंख्याखाली, कोरड्या खोलीत ठेवा. मग बटण.

अर्थिंगही बघून घ्या. जांभ्याच्या कातळावरच्या घरांत अर्थिंगचा खड्डा खोल जात नाही आणि उन्हाळ्यात सुकतो. डब्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर आधी वायरमनला बोलवा.

चिपळूणच्या पुरात भिजलेला बोर्ड सुकवून चालू झाला आहे. त्यावर अपग्रेड करू?

नको. जुलै २०२१ च्या पुरात वाशिष्ठीचा गाळ ज्या मशीनमध्ये शिरला, त्यांतली काही धुऊन-सुकवून चालू झाली हे खरं. पण गाळ चिपसेटच्या खाली आणि सॉकेटच्या बुडाशी राहतो आणि तिथून गंज सावकाश पसरतो. आहे तसं चालतं तोवर वापरा, डेटाची प्रत बाहेर ठेवा, त्याच्यावर खर्च करू नका.

स्वतः बसवताना काय काळजी घेऊ?

प्लग काढा, डब्याच्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज जाऊ द्या. एएम-४ वर कूलर सरळ वर ओढू नका. आधी मशीन थोडा वेळ चालवून पेस्ट गरम होऊ द्या, बंद करा, प्लग काढा, मग कूलर डावी-उजवीकडे हळू फिरवून उचला. नाहीतर प्रोसेसर कूलरला चिकटून सॉकेटमधून उपटून येतो. इंटेलवर खाचा जुळवून प्रोसेसर नुसता ठेवायचा, दाबायचा नाही. लिव्हर लावताना करकर आवाज येतो, तो नेहमीचा. जुनी पेस्ट पूर्ण पुसा, नवी मसुराच्या दाण्याएवढी मध्यभागी.

११५६ पासून १२०० पर्यंत कूलरची भोकं एकाच मापाची आहेत, जुना कूलर चालतो. ७७५ चा वेगळा. प्लॅस्टिकच्या पुश-पिना जुन्या झाल्या की ठिसूळ होतात. चारही ‘टक’ करून बसल्या आहेत का ते बोर्डाच्या मागून बघा. बसवल्यावर अर्धा तास जड काम देऊन तापमान पाहा. ८० च्या वर जात असेल तर कूलर नीट टेकलेला नाही किंवा डब्यात हवा खेळत नाही.

लॅपटॉपचा प्रोसेसर बदलता येतो का?

पाचव्या जनरेशनपासून जवळपास सगळे बोर्डावर झाळलेले असतात, त्यामुळे नाही. चौथ्या जनरेशनपर्यंतच्या एम अक्षराच्या काही मॉडेलमध्ये येतो, पण खटाटोपाच्या मानाने हाती काही लागत नाही. एसएसडी आणि रॅम एवढ्यावर भागवा.

काढलेला जुना प्रोसेसर विकून टाकू?

लगेच नको. काही बोर्डांवर बायोसच्या दोन चिप असतात. मुख्य बायोस बिघडला की बोर्ड आपणहून राखीव चिपमधला बायोस परत चढवतो आणि तो बहुधा कारखान्यातून आलेला जुनाच असतो. त्याला तुमचा नवा प्रोसेसर ओळखता येत नाही. तेव्हा जुना लावूनच मशीन उठवावं लागतं. नव्याच्या रिकाम्या डबीत ठेवा, वर बोर्डाचं मॉडेल लिहा, आणि डबी त्याच टेबलाच्या खणात टाका.